मांजर सारखं खाजवतंय? औषध लावायच्या आधी या चुका बंद करा

रात्री साडेअकराला मेसेज येतो. "ताई, मांजर खूप खाजवतंय, काय लावू?" सोबत एक हललेला फोटो, ज्यात शेपटीचं टोक आणि सोफ्याचा पाय एवढंच दिसतं. मी विचारते, कुठे खाजवतं? मान, कान, पोट की शेपटीच्या वरचा भाग? पायाने खाजवतं की जिभेने चाटत बसतं? कधीपासून? घरात माणसांना पण खाज येतेय का? उत्तर येतं, "सगळीकडेच खाजवतं. तुम्ही फक्त औषधाचं नाव सांगा ना."

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. डोंबिवलीत राहते, गेली चौदा वर्षं घरात कधी दोन कधी सात मांजरं असतात, काही आपली, काही कोणीतरी दारात आणून सोडलेली. या काळात खाजेपायी एवढ्या फेऱ्या मारल्यात दवाखान्याच्या की एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय, खाज हा आजार नाहीये, खाज ही तक्रार आहे. पिसवा, खरूज, कानातले माइट्स (अगदी बारीक किडे), बुरशी, खाणं, धूळ, डास, यातलं काहीही मागे असू शकतं आणि वरून सगळं सारखंच दिसतं. कारण शोधायचं म्हणजे एकेक गोष्ट बाजूला काढत जायचं, आणि नेमकी हीच गोष्ट लोकांना नको असते कारण त्याला वेळ लागतो.

"आमच्याकडे पिसवा नाहीतच"

ही माझी सगळ्यात नावडती ओळ, आणि मी स्वतः ती पाच महिने म्हणत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची सखू. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडक्यांना जाळी, सखू आयुष्यात कधी जिना उतरलेली नाही. एका दिवाळीनंतर तिच्या पोटावरचे केस जायला लागले, आधी मांड्यांच्या आतल्या बाजूला, मग सगळं पोट गुळगुळीत. खाजवताना कधी दिसायची नाही, त्यामुळे मला वाटलं केस गळतायत. आणि हीच पहिली फसगत. मांजर खाज आली की कुत्र्यासारखं धपधप खाजवेलच असं नाही, ते चाटतं, तासनतास, तेही तुम्ही झोपल्यावर. त्याची जीभ खरखरीत असते, केस गळत नाहीत तर तुटतात. त्या टकलावर बोट उलटं फिरवलं की छोटे छोटे खुंट लागतात, दाढी वाढल्यासारखे. डॉक्टर तेच केस मायक्रोस्कोपखाली बघतात, टोक निमुळतं असेल तर आपोआप गळलंय, तुटकं असेल तर चाटून तोडलंय.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, पिसवांचं औषध कधी दिलंय? मी म्हटलं, डॉक्टर, चौथा मजला, बंद घर, मी रोज विंचरते, एकही पिसू नाही. ते म्हणाले तरी देऊया. मी दिलं नाही, उगाच केमिकल कशाला म्हणून. मग खाणं बदललं, लिटर (तिच्या शी-शूच्या ट्रेमधली माती) बदललं, उदबत्ती बंद केली, फरशी पुसायचं लिक्विड बदललं. सगळं एकाच आठवड्यात. काही फरक नाही, आणि पडला असता तरी कशाने पडला ते कळलं नसतं.

शेवटी एका रविवारी सखूला पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर बसवलं आणि माझी जुनी उवा काढायची बारीक फणी, शाळेत असताना आई ज्याने लिखा काढायची तसली, ती शेपटीच्या मुळापासून कातडीला टेकवून ओढली. अभ्र्यावर काळी पूड पडली, मिरपूड असते ना तशी. मला वाटलं धूळ असेल. मग डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं, ओल्या टिश्यूवर ती पूड टेकवली आणि मिनिटभर थांबले. प्रत्येक कणाभोवती विटकरी रंगाचं वर्तुळ पसरलं. धूळ कधी लाल होत नाही. ती पिसवांची विष्ठा असते, म्हणजे पचलेलं रक्तच.

पिसू मात्र त्या दिवशीही एक दिसली नाही. कारण मांजर चाटता चाटता पिसवा गिळून टाकतं, आणि जेवढं जास्त चाटतं तेवढा पुरावा साफ. ज्याला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे त्याला एखाद-दुसरा चावा पण पुरतो. सखूच्या शेपटीखाली दोन-तीनदा तांदळाच्या कणीसारखं काहीतरी चिकटलेलं मी बघितलं होतं आणि पुसून टाकलं होतं. ते फितकृमीचे तुकडे होते, आणि तो जंत मांजराला होतो तो बहुतेकदा पिसू गिळूनच. पुरावा डोळ्यासमोर होता, मी तो टिश्यूने पुसून डस्टबिनमध्ये टाकला.

आल्या कुठून? दिवाळीला मावशीकडून गावची जुनी गोधडी आणली होती. तिच्या घरी मांजरं, कुत्रा, गोठा सगळंच. पिसूचं कसं असतं, अंगावर दिसते ती मोठी पिसू म्हणजे एकूण पसाऱ्याच्या साधारण ५ टक्के, बाकी अंडी, अळ्या आणि कोष हे गादीत, सोफ्याच्या फटीत, गोधडीच्या टाक्यांत असतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते, आणि कोषातली पिसू महिनोन्‌महिने वाट बघत बसू शकते, ऊब लागली, हालचाल जाणवली की बाहेर. सखू रोज त्याच गोधडीवर झोपत होती.

त्यामुळे आता माझा नियम असा, खाज आली की आधी पिसवांचं औषध, मांजरासाठीचं, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलं, घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच दिवशी, आणि किमान तीन महिने न चुकता. पिसवा दिसोत न दिसोत. ड्रॉप मानेच्या मागे, केस बाजूला करून कातडीवर सोडायचा, केसांवर नाही. अंथरुणं कडकडीत गरम पाण्यात धुवायची, सोफ्याच्या फटींत व्हॅक्यूम. लोक एक डोस देतात, पंधरा दिवसांनी परत खाज दिसली की म्हणतात "औषध फेल गेलं". औषध फेल नाही गेलं, कोषातली पुढची बॅच बाहेर आली. सखूच्या पोटावर परत केस भरायला अडीच महिने लागले.

कुत्र्याचं औषध, "अर्धाच डोस दिला"

इथे मात्र मला चिडायचा हक्क आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाचा फोन, रडकुंडीला आलेला. दुकानात मांजराचा स्पॉट-ऑन (मानेमागे सोडायचा पिसवांचा ड्रॉप) संपला होता, दुकानदाराने कुत्र्याचा दिला, म्हणाला लहान कुत्र्याचा आहे, अर्धाच टाक, स्वस्तात पण पडेल. संध्याकाळी सहाला टाकला, नऊ वाजता मांजराचे कान फडफडायला लागले, मग पाय, मग सगळं अंग थरथरतंय, उभं राहता येईना. मी म्हटलं पाकीट वाच. घटकांमध्ये परमेथ्रिन. मी त्याला एवढंच म्हटलं, फोन ठेव, रिक्षा पकड, पाकीट बरोबर घे.

परमेथ्रिन हे कीटकनाशक कुत्र्याला चालतं, मांजराला नाही, कारण मांजराचं यकृत ते नीट मोडूच शकत नाही. कुत्र्यांच्या ड्रॉपमध्ये ते एवढं कडक असतं की अर्धा काय, थोडासुद्धा मांजराला झटके आणू शकतो. ते मांजर दोन दिवस सलाईनवर होतं, झटके थांबवायची औषधं चालू होती, वाचलं. सगळी वाचत नाहीत. चुकून लागलंच असेल तर भांडी घासायच्या साध्या लिक्विडने कोमट पाण्यात तो भाग धुवायचा आणि लगेच दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही. मांजराला झटके येत असतील तर धुण्यात पण वेळ घालवू नका, उचला आणि निघा. घरात कुत्रा असेल आणि त्याला तसलं औषध लावलं असेल तर दोघांना एकत्र झोपू देऊ नका.

याच रांगेत: डेटॉलच्या पाण्याने आंघोळ, फिनाईल, टी ट्री ऑइल, कडुनिंबाचं तेल, कपाटातल्या डांबरगोळ्या, रॉकेल. हो, रॉकेल, आजही सांगणारे आहेत. मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं, त्यामुळे "वरून तर लावलंय" याला काही अर्थ नाही. आणि खाजेसाठी माणसांची सर्दी-अ‍ॅलर्जीची गोळी देताना तिच्यात पॅरासिटामॉल असेल तर ते मांजर एका गोळीत जाऊ शकतं. घरगुती उपाय करायची फार हौस असेल तर स्वतःवर करा.

"ते एक इंजेक्शन देतात ना, त्याने मस्त बरं होतं"

होतं. महिना-दीड महिना. ते लांब टिकणारं स्टेरॉइड असतं. खाज कशाचीही असो, ती दाबली जाते, म्हणून कारण शोधायचं राहून जातं. स्टेरॉइड वाईट आहे असं मी म्हणत नाही, कातडं फाडून घेणाऱ्या मांजराला कधीकधी तेच द्यावं लागतं आणि मीही माझ्या मांजरांना दिलंय. पण "नेहमीचं इंजेक्शन द्या" म्हणत दर सीझनला जाणं वेगळं. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांच्या बोक्याला वर्षात चार झाली, मग तो वाटीभर पाणी पिऊन परत वाटीपाशी बसायला लागला, लघवीही खूप, तपासलं तर डायबेटिस. आता काका दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचतात. एक प्रश्न डॉक्टरांना विचारायला लाजू नका, हे स्टेरॉइड आहे का आणि किती दिवसांचं आहे. मी फाईलवर तारीख लिहून ठेवते.

"टेन्शन घेतलंय त्याने"

पोट चाटणाऱ्या प्रत्येक मांजराला आजकाल डिप्रेशन असतं. नवरा ट्रान्सफरवर गेला, बाळ झालं, सोफा बदलला. असतं टेन्शन, नाही असं नाही, पण २००६ साली एका अमेरिकन पशुवैद्यकीय जर्नलमध्ये अशाच २१ मांजरांचा नीट तपास छापून आला होता, ज्यांना आधी मानसिक म्हणून शिक्का मारला होता. त्यातल्या १६ जणांना निव्वळ शारीरिक कारण निघालं, बहुतेक अ‍ॅलर्जीच, आणि फक्त मानसिक अशी निघाली २. तेव्हा टेन्शन हे शेवटचं कारण धरा, पहिलं नाही. आणि फक्त पोटाच्या खालच्या भागातच चाटत असेल, लिटरमध्ये सारखं जाऊन बसत असेल तर लघवी तपासा, मूत्राशय दुखत असलं तरी मांजर तिथेच चाटतं. बोका जोर लावतोय आणि लघवी होतच नसेल तर मात्र हा लेख बंद करून दवाखाना गाठा.

खाणं बदललं, दहा दिवसांत फरक नाही, सोडून दिलं

आता गोट्या. आमचा केशरी बोका, खाजवायचा तो फक्त मान आणि चेहरा, डोळ्यांच्या वर रक्ताळलेल्या जखमा, गळ्यात महिनाभर ती लॅम्पशेडसारखी कॉलर. पिसवांचं औषध नियमित, कातडी खरवडून तपासली, माइट्स नाहीत, बुरशी नाही. वर्षभर सारखीच खाज, उन्हाळा पावसाळा काही फरक नाही, मधूनच पातळ शी. डॉक्टर म्हणाले खाण्याची ट्रायल घेऊ, ८ आठवडे.

या आठ आठवड्यांचं लोकांना कळतच नाही. खाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या दहापैकी नऊ मांजरांना आठ आठवड्यांत फरक दिसतो, पण दहा दिवसांत नाही हो दिसत. लोक दुकानात जाऊन चिकनच्या पाकिटाऐवजी सॅमनचं पाकीट आणतात, पंधरा दिवसांनी टर्कीचं, मग ग्रेन-फ्री (धान्य नसलेलं). मागच्या बाजूला वाचलं तर बऱ्याचदा तिन्हींत चिकन असतं. आणि ग्रेन-फ्रीचं वेड तर मला समजलेलंच नाही, मांजरांना त्रास बहुतेक वेळा देतं ते बीफ, मासे, चिकन, म्हणजे प्रोटीन. गव्हाच्या नावाने का शंख करताय. रक्ताची टेस्ट करून खाण्याची अ‍ॅलर्जी शोधायचा शॉर्टकट पण करून बघू नका, ती टेस्ट खाण्याच्या बाबतीत भरवशाची नाही. मांजराच्या अंगावरचे केस पाठवून करायची टेस्ट तर पैसे पाण्यात.

गोट्याला डॉक्टरांनी हायड्रोलाइज्ड खाणं दिलं, ज्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर सहसा ओळखत नाही. महाग आहे, आणि पहिल्या दिवशी गोट्याने वाटीकडे असं बघितलं जसं काही मी त्यात माती घातलीय. इथे एक धोका. "भूक लागली की खाईल" हे मांजराच्या बाबतीत चालत नाही, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून गुबगुबीत असलं, तर यकृतावर चरबी चढून जीवावर बेततं. जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत आठ-दहा दिवस घ्यायचे. नुसतं नवं सुरू झालं की त्या दिवसापासून आठ आठवडे मोजायचे.

पाचवा आठवडा संपला, काडीचा फरक नाही. मी वैतागले, आठव्यापर्यंत ओढायला हवं होतं खरं तर, पण मनात आलं खाण्याचं नाहीच हे. तेवढ्यात एका दुपारी ऑफिसातून लवकर घरी आले तर स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे आमची आई खाली बसलेली आणि गोट्या तिच्या तळहातातून काहीतरी खातोय. सुकट. आई म्हणते, "अगं एवढीशीच देते, चिमूटभर. पोर नुसतं ते पाकिटातलं लाकूड खातंय." किती दिवस देतेस? "रोज. नाहीतर तो माझ्याकडे बघत नाही." आई मूळची मालवणची, मांजराला मासा द्यायचा नाही हे तिला पटणं म्हणजे कठीणच होतं.

चिमूटभर पण चालत नाही. एक तुकडा ट्रायल मोडतो. तसंच हेअरबॉलची पेस्ट, चिकनच्या चवीची जंताची गोळी, दूधवाला पातेल्यात ओतताना सांडलेलं दूध, शेजारच्या मांजराची वाटी, कामवाल्या मावशींनी प्रेमाने टाकलेला चपातीचा तुकडा. मी शेवटी फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवलं, "गोट्याला काहीही देणाऱ्याने डॉक्टरांचं बिल भरावं." बिलाचा आकडा पण लिहिला. त्यानंतर आईने हात आखडला.

दुसरी ट्रायल पहिल्या दिवसापासून. सहाव्या आठवड्यात कॉलर काढली तरी डोळ्यावर नखं मारेना, आठव्यात खपल्या पडून केस उगवायला लागले. इथे बहुतेक लोक थांबतात, बरं झालं ना, बास. पण मग कळणार कसं कशाने होत होतं? कदाचित खाण्याने नाहीच, मधे ऋतू बदलला म्हणून. तर एकेक गोष्ट परत द्यायची, एका वेळी एकच, दोन आठवडे. चिकन दिलं चौदा दिवस, काही नाही. मग आईनेच उकडलेला बांगडा दिला, काटे काढून, मीठ-हळद काही न घालता. तिसऱ्या रात्री अडीच वाजता तो ओळखीचा आवाज, खर्र खर्र खर्र, पलंगाखाली. सकाळी मान लाल. मासा बंद केला, आठवड्यात शांत. मालवणच्या घरात मासा न चालणारा बोका. आई अजून पाहुण्यांना ही गोष्ट हळू आवाजात सांगते, घरातली भानगड सांगावी तशी.

घरी शिजवलेलं द्यायचं असेल तर मांजराने आधी कधी न खाल्लेलं मांस, कांदा-लसूण अजिबात नाही, आणि ते फक्त ट्रायलपुरतं, डॉक्टरांना विचारून. वर्षानुवर्षं नुसतं उकडलेलं मांस खाऊन मांजराला टॉरीन, कॅल्शियम वगैरे पुरत नाही.

आता बाकीचं भराभर

अंगावर हात फिरवताना बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्या लागल्या, खासकरून पाठीवर आणि मानेवर, तर तो आजार नाही, ती खूण आहे, मागे बहुतेकदा पिसवा.

पावसाळ्यात नाकाच्या दांडीवर आणि कानांच्या टोकांवर फोड-खपल्या, बाकी अंग स्वच्छ? डास. संध्याकाळी आत घ्या, जाळ्या लावा. कॉइल लावून मांजराला त्या धुरात कोंडू नका.

कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ आणि पिल्लू डोकं झटकतंय, हे बहुतेक कानातले माइट्स. तेल ओतू नका, इअरबड खुपसू नका. तीन आठवड्यांचं चक्र असतं त्यांचं, चार दिवसांत औषध थांबवलं की परत येतात.

कानाच्या कडेपासून सुरू होऊन डोकं-मानेवर जाड करडा थर चढतोय आणि तुमच्या हातावर पण पुरळ, तर खरूज. रस्त्यावरून आणलेल्या मांजरात मी हे खूप बघते. वेगळं ठेवा, लगेच दाखवा, औषधाने सुंदर बरं होतं.

गोल टक्कल म्हणजे नायटा असेलच असं नाही, आणि नायटा असला तरी खाज असेलच असंही नाही. निळ्या दिव्याखाली हिरवं चमकलं नाही म्हणून बुरशी नाही असंही नाही, सगळ्या बुरशी चमकत नाहीत, कल्चरला (बुरशी लॅबमध्ये वाढवून बघायची टेस्ट) दोन-तीन आठवडे जातात. मेडिकलमधून आणलेली माणसांच्या नायट्याची मिक्स क्रीम लावू नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं.

धूळ-परागकणांची अ‍ॅलर्जी हे निदान सगळ्यात शेवटी, पिसवा, माइट्स, बुरशी, खाणं सगळं बाद झाल्यावर. पहिल्याच दिवशी हजारो रुपयांचं टेस्टचं पॅनल करून येतात लोक, रिपोर्टमध्ये डस्ट माइट पॉझिटिव्ह, आणि मांजराच्या पाठीवर पिसवा नाचतायत. ती टेस्ट अ‍ॅलर्जी आहे की नाही हे ठरवायला नाही, इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराला त्या गोष्टीची हळूहळू सवय करणाऱ्या, लशीत काय घालायचं ते ठरवायला असते.

आणि एक, दवाखान्यात नेण्याआधी मांजराला आंघोळ घालून, विंचरून, पावडर लावून नेऊ नका. पिसवांची घाण, खपल्या, तुटके केस, डॉक्टरांना तेच तर बघायचं असतं. जसं आहे तसं न्या, बरोबर खाण्याच्या पाकिटाचा मागच्या बाजूचा फोटो, आधी दिलेल्या औषधांच्या तारखा, आणि खाजवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. न हललेला, प्लीज.